पारसची अंगणवाडी

फोन आला तेव्हा धुळ्यात पारोळा रोडवरच्या चहाच्या टपरीवर मी गळाला लागलेल्या एका मरळीला सहा फुटांपर्यंत वाढवून ठेवलं होतं. अजून अर्धा फूट वाढवायचा बेत होता, कारण ऐकणाऱ्यांपैकी एकानं जांभई दिली होती, आणि जांभई देणाऱ्याला मी सहजासहजी सोडत नाही. तेवढ्यात खिशात फोन वाजला. बघतो तर पारसचं नाव. मी मंडळींना म्हणालो, "घ्या, साक्षीदार आपल्या पायानं चालत आला," आणि स्पीकर चालू करून ओरडलो, "पारसशेठ, सांग रे या अडाण्यांना, केवढी होती ती मरळ?"  पलीकडून पारसच्या मुलाचा, रोहनचा आवाज आला, "काका... पप्पा गेले." स्पीकर चालूच होता. सगळ्या टपरीनं ऐकलं. चहावाल्यानं न सांगता गॅस बारीक केला. आणि माझी ती सहा फुटांची मरळ तिथल्या तिथे, बाकड्यावर, तशीच पडून राहिली.

पारस गेला तो पाण्यात नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी आधी तेच विचारलं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय जो माणूस घरच्या हौदाजवळ उभा राहिला नसता, तो पाण्यात कशाला जाईल? जळगावात त्याचं भांड्यांचं दुकान. एका नव्या सुनेला कुकरचं झाकण कसं बसवायचं ते दाखवत होता. झाकण बसलं, पारस खुर्चीवर बसला, आणि उठला नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. ती मुलगी कुकर तिथेच ठेवून रडत घरी गेली म्हणे.

आता आमची जोडी कशी होती ते सांगतो, आणि या खेपेला वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असेल तर शेजारी पारस लागतो. माझं धुळ्यात मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारी भरणं हा धंदा आणि न घडलेल्या गोष्टी भरणं हा स्वभाव. मी माशाची गोष्ट सुरू केली, की पारस माझ्या मागे उभा राहून, तोंड अगदी साधूसारखं ठेवून, दोन हातांनी माशाची खरी लांबी दाखवायचा. मी म्हणायचो, "मगरीएवढी!" आणि मागे पारसचे हात वीतभर अंतरावर. लोक हसायचे, मी वळून बघायचो, तर हा खिशात हात घालून छताकडे बघतोय. पुढे पुढे लोक गोष्ट माझ्याकडून ऐकायचे आणि बघायचे त्याच्याकडे. आणि खरं म्हणजे आम्हा दोघांना दुसरा पुरावा तरी कुठे होता? आम्ही मासा घरी आणत नव्हतो, फोटो काढत नव्हतो. पकडायचा आणि सोडायचा. सोडलेल्या माशाला साक्षीदार एकच, शेजारी असलेला माणूस.

ओळख झाली जळगावच्या मेहरूण तळ्यावर. आम्ही दोघंही तेव्हा विशीच्या आत-बाहेर. मावशीकडे सुट्टीला गेलो होतो आणि काठावर गळ टाकून बसलो होतो. थोड्या अंतरावर एक गोरटेला पोरगा कणकेच्या गोळ्या करून पाण्यात टाकत होता. त्यांच्या घरात सणावाराला माशांना कणीक घालायची पद्धत. मी मनात म्हटलं, वा रे बहाद्दर, तू जेवायला बोलाव, मी पंगत उचलतो. आणि खरोखर त्याच्या कणकेवर आलेला एक रोहू माझ्या गळाला लागला. मी तो फरफटत काठावर घेतला, मातीत लोळवला, कल्ल्यात बोट घालून उचलला. पोरगा धावत आला. "देऊन टाक ना मला. सोडतो त्याला." त्याचे डोळे असे भरले होते, की मी माझा स्वभाव विसरून मासा देऊन टाकला. त्यानं तो दोन्ही हातांनी पाण्यात फेकला, हात जोडले, आणि आम्ही दोघं बघत राहिलो. मासा थोडा खाली गेला. मग हळूहळू वर आला. आडवा. पांढरं पोट वर.

पारस कितीतरी वेळ तिथे उभा होता. नंतर मला विचारलं, "सोडल्यावरही मरतात?"

या एका प्रश्नावर त्यानं पुढचं सगळं आयुष्य काढलं असं म्हटलं, तर ते माझ्या नेहमीच्या थापांमधलं वाटेल. पण बघा तुम्हीच. मासा का मेला हे शोधायला तो माझ्याबरोबर यायला लागला. अंगावरचा चिकट थर पुसला गेला की माशाला बुरशी लागते, कल्ल्याला बोट लागलं की रक्त थांबत नाही, फार वेळ ओढत बसलं की मासा दमानंच मरतो, हे त्यानं एकेक करून हुडकलं. आणि हुडकता हुडकता एके दिवशी काठी त्याच्या हातात आली. गळाचा तंगूस ताणला गेला, काठी वाकली, आणि पारसच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या कांदा न खाल्लेल्या घरातला मुलगा, आणि त्याला तो हिसका आवडला! त्यानं मासा अलगद सोडला, मासा सुखरूप गेला. परत येताना एरंडोलच्या फाट्यावर म्हणाला, "नाना, ज्याला सोडायचं त्याला आधी धरावं लागतं... हे घरी कसं सांगायचं?"

घरी त्यानं सांगितलं ते खोटं नव्हतं. मी असतो तर उत्तम खोटं सांगितलं असतं. तो फक्त म्हणाला, "मी मासे सोडायला जातो." फाटक्या जाळ्यांत, तुटलेल्या तंगुसात अडकलेले मासे तो सोडवायचाच. कापलेल्या जाळ्याचे गुंते पिशवी भरभरून परत आणायचा. त्यामुळे त्याची बायको, कमलाभाभी, नातेवाइकांत अभिमानानं सांगायची, "आमचे हे रविवारी जीवदयेला जातात." आणि पारस ताटाकडे बघत राहायचा.

कयाक आली ती अगदी अलीकडे, पन्नाशी उलटल्यावर. रोहननं त्याला गोव्याला नेलं होतं, तिथे त्यानं ती लांबट, बसकी, एका माणसाची नाव पाहिली आणि परत आला तो वेडा होऊन. घरी खांद्याच्या व्यायामाचं कारण सांगितलं. मग एक त्याची, एक माझी, दोन्ही माझ्या गाडीच्या टपावर. त्या टपावरच्या वस्तूंवर मी काय काय गोष्टी विकल्या! पारोळ्याला एकानं विचारलं, "हाई काय शे भो?" मी म्हणालो, "किल्ल्याची तोफ दुरुस्तीला नेली होती." एकाला केळी पिकवायचं यंत्र सांगितलं, त्यानं हात लावून बघितलं आणि म्हणाला, "गरम लागी राह्यनी." लागणारच. आमच्याकडच्या मे महिन्यात टपावर ठेवलेली वस्तू गरम नाही तर काय लागेल? मी तर स्वतः पाहिलंय, की जळगावच्या स्टँडवर दुपारी सूर्यच सावली शोधत रसवंतीत शिरला आणि बर्फ जास्त टाकायला सांगत होता.

आमचं पाणी मुक्ताईनगरकडचं, तापीचं फुगवट्याचं पाणी. धरणामुळे नदी मागे पसरते आणि जुन्या शेतांत, बाभळींत शिरते, तिथे. पहिल्याच महिन्यात मला एक मरळ लागली. खरी लांबी पारस सांगेल... सांगितली असती. मी आनंदानं नावेत उभा राहिलो. कयाकमध्ये उभं राहणं म्हणजे पाटावर चढून पाट उचलायचा प्रयत्न करण्यासारखं आहे. नाव पालथी, मी पाण्यात, टोपी एकीकडे, काठी दुसरीकडे. वर येऊन बघतो, तर पारस माझ्याकडे न येता सरळ काठीकडे वल्हवत गेला. काठी धरली, मरळ हळूच जवळ घेतली, लांब नाकाच्या पक्कडीनं गळ काढला, तिला पाण्यातच धरून बसला. मी बोंबलतोय, "अरे ए शेठ, मी बुडतोय!" तो मान वर न करता म्हणाला, "तुला जॅकेट आहे. तिला गळ आहे."

नंतर त्यानं मला बसवून शिकवलं, आणि एवढं शाळेत कोणी शिकवलं असतं तर मी आज मोटारी भरत बसलो नसतो. मासा जवळ आला की दोन्ही पाय नावेच्या दोन बाजूंनी पाण्यात सोडायचे, म्हणजे नाव डुलत नाही. हातातली जाळी माशामागे धावत न्यायची नाही. जाळी पाण्यात स्थिर, मासा डोक्याकडून तिच्यात यायला हवा. जाळी उचलायची नाही, तिथेच पाण्यात ठेवायची, ती त्याची खोली समजायची. हात आधी ओले. गळाची उलटी टोकं तर त्यानं दुकानातच पक्कडीनं दाबून सपाट केलेली, म्हणजे गळ काढताना मांस येत नाही. मांडीवर घ्यायचा नाही, गरम प्लास्टिकवर ठेवायचा नाही, कल्ल्याला बोट नाही. आणि मग एक हात शेपटीच्या मुळाशी, एक पोटाखाली, तोंड वाहत्या पाण्याकडे, आणि थांबायचं. मरळ असेल तर तिला वर येऊन हवेचा घोट घेऊ द्यायचा, कारण ती आपल्यासारखी हवाही पिते. मी घाई केली की म्हणायचा, "सोडू नकोस. तो गेला पाहिजे. तू सोडलास तर तो पडतो. त्याच्या मनानं गेला तर जगतो." कितीदा तरी आम्ही असे पाण्यात हात घालून बसलो असू... बोटं सुरकुतून जायची, आणि मग तळहातावर एक ढुशी यायची, आणि हात रिकामा.

सुकलाल आबा म्हणून एक जुना मासेमार तिथे जाळी लावतो. तो आम्हाला बघून पहिल्या दिवशी म्हणाला होता, "धरतस नि सोडी देतस? मंग धरतस कशाले रे भो?" पारस लगेच म्हणाला, "आबा, तुम्ही बायकोसंगे रोज भांडतस नि रोज तिना हातनं खातस. मंग भांडतस कशाले?" आबा हसून हसून नावेतच आडवा झाला. तेव्हापासून बाभळींतल्या एका आतल्या वळणात त्यानं कधी जाळं लावलं नाही. तिथे मरळी पिल्लं वाढवायच्या. पिल्लांचा घोळका पाण्याच्या वरच्या थरात, लाल, जणू कोणी मूठभर शेव पाण्यावर टाकली आणि ती आपली आपण चालायला लागली. आणि खाली, सावलीसारखे, आईबाप राखणीला. राखणीची मरळ काढली तर तासाभरात पिल्लं संपतात, म्हणून त्या वळणात गळ टाकायचाच नाही, हा पारसचा नियम. वळणाला त्यानं नाव ठेवलं होतं अंगणवाडी. चातुर्मासात तर त्याचा गळ पूर्ण बंद. चार महिने काठी दुकानात, पक्कड दुकानात, आणि तरी रविवारी नाव घेऊन यायचा. अंगणवाडीच्या तोंडाशी वल्हं आडवं ठेवून नुसता बघत बसायचा. मी कंटाळून म्हणायचो, "हजेरी घेतोस का रे?" तो म्हणायचा, "बठ्ठा शेत." सगळे आहेत.

शेवटचे भेटलो तो रविवार चैत्रातला. पाणी उतरलेलं, काठाला भेगा. पारसनं हात पाण्यात घातला, थोडा वेळ ठेवला आणि काठी परत पिशवीत घातली. "आज नको नाना. पाणी कोमट आहे. आत्ता दमलेला मासा सोडल्यावर वाचणार नाही." एवढ्या लांबून येऊन आम्ही बाभळीच्या सावलीत खाकरे खाल्ले, मी दोन-चार गोष्टी सांगितल्या, मागून दाखवली तर बघायला कोणी नव्हतं म्हणून त्यानं लांबी समोरूनच दाखवली, आणि परत आलो. बस्स. शेवटच्या भेटीत काही मोठं घडायला हवं असं लोकांना वाटतं. काही घडलं नाही.

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी रोहनचा फोन आला. पप्पांच्या नावानं जीवदया करायची आहे. पप्पा जिथे मासे सोडायला जायचे तिथेच मासे सोडायचे, तुम्ही जागा दाखवा. मला गहिवरून आलं. मी म्हणालो, दाखवतो. मनात कोणते मासे, कुठून आणणार, हा प्रश्न आला नाही. चाळीस वर्षं मासेमारी केलेल्या माणसाच्या मनात आला नाही!

मी धुळ्याहून पोचलो तर पाण्याकाठी पांढऱ्या कपड्यांतली माणसं उभी, आणि टेम्पोत निळे प्लास्टिकचे पिंप. झाकण उघडलं. आत काळे, मिशावाले, एकमेकांवर वळवळणारे... विदेशी मांगूर. मला कळायला हवं होतं. बाजारात पिंपात कोंबूनही जिवंत राहतो तो हाच. गाळात राहतो, घाणीत राहतो, आणि समोर येईल ते खातो, आपली पिल्लंसुद्धा. हा पाळायला, विकायला बंदी आहे, तरी जिवंत मासा मागितला की बाजारात तोच हातात येतो. ज्यांना जीव वाचवायचा होता त्यांना सगळ्यांचा जीव घेणारा तेवढा जिवंत मिळाला. आणि टेम्पो उभा होता अंगणवाडीच्या तोंडाशी, कारण गाडी पाण्यापर्यंत जाते ती तिथेच.

मी रोहनला म्हणालो, "बाबा, हे सोडू नका. हा मासा सगळं पाणी खाऊन टाकेल. एक मांगूर कुत्र्याचं पिल्लू गिळताना मी—" आणि तिथेच माझं तोंड मला नडलं. सत्य पुरेसं होतं, तिथे मी कुत्रं आणलं. जमलेल्यांत हसू पसरलं. पारसचे एक चुलतभाऊ म्हणाले, "नानाभाऊ, पुढच्या वेळी हत्ती आणा." रोहन हळूच म्हणाला, "काका, आज नको ना... प्लीज." मी शपथ घेतली, सुकलाल आबाला विचारा म्हणालो. पण त्या गर्दीत माझ्या मागे उभं राहून खरी लांबी दाखवणारा कोणी नव्हता, आणि त्याशिवाय माझं खरं कोणाला कळणार?

शेवटी मी कमलाभाभींना बाजूला बोलावलं. बाभळीखाली. ठरवलं होतं, आता सगळं सांगायचं. पारस हे पाणी जपत होता, का जपत होता, हे सांगायचं तर तो कोण होता ते सांगावं लागणार होतं.  "भाभी, पारस मासे सोडायचा हे खरं... पण त्याच्या आधी..."

"आधी धरायचे," भाभी म्हणाल्या. "गळानं."

मी आधी मागे बघितलं, कोणी ऐकत नाही ना.

"आमच्या घरात लसूण येत नाही, नानाभाऊ. त्यांच्या बाहीचा वास, खिशात राहिलेला गळ मला कळणार नाही? पहिल्या रविवारपासून माहीत आहे." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते गेले नसते. आणि गेले नसते तर आठवडाभर हसले नसते. मी त्यांच्या हसण्यासाठी गप्प बसले... म्हणजे ते पाप माझंही झालं की नाही? म्हणून हे. जितक्यांच्या तोंडाला त्यांनी टोचलं, तितक्यांना कोणीतरी जीव द्यायला नको?"

"पण भाभी, हे मासे त्याच्या माशांना खातील. त्याची अंगणवाडी—"

"मग काय करू, सांगा." त्या शांतपणे म्हणाल्या. "परत नेऊ? बाजारात? सुरीखाली? त्यांच्या नावानं आणलेले आहेत. तुम्ही म्हणा, नेते परत."

मी आजवर कुठल्याही प्रश्नाला निरुत्तर झालेलो नाही. माझ्या बारशाला भटजींनी नाव विचारलं तर मीच सांगितलं, असं आमच्याकडे म्हणतात. पण त्या बाईला मारा म्हणून कसं सांगायचं?  भाभी म्हणाल्या, "तुम्हीच सोडा तुमच्या हातानं. ते म्हणायचे, नानाला मी सोडायला शिकवलंय. फेकू नका फक्त. फेकलेले मरतात, असं ते सांगायचे."

मी पँट दुमडून पाण्यात उतरलो. पिंपातलं पाणी उन्हानं तापलेलं, म्हणून आधी तापीचं पाणी तांब्यातांब्यानं त्यात मिसळलं. एकदम थंड पाण्यात गेला तर मासा दचकून मरतो... पारस असंच करायचा. काठावर नवकार मंत्र सुरू झाला. मी हात ओले केले. एक हात शेपटीशी, एक पोटाखाली, तोंड वाऱ्याच्या लाटेकडे. थांबलो. तळहातावर ढुशी आली. पहिला गेला, आपल्या मनानं, निरोगी, बाभळींकडे. मग दुसरा. पिंप संपेपर्यंत मी एकही फेकला नाही, एकाच्याही कल्ल्याला बोट लावलं नाही. माझ्या हातून इतकं निर्दोष काम उभ्या जन्मात झालं नसेल. लांबवर सुकलाल आबा नाव थांबवून बघत होता. सगळे गेल्यावर जवळ आला आणि म्हणाला, "नाना, पानीमा जहर टाकं रे तुम्ही." त्याच्या आवाजात राग नव्हता. काठावर भाभी डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या, आणि तो गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलका दिसत होता.

आषाढात मी एकटाच गेलो. टपावर एकच नाव बघून पारोळ्याला कोणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला गोष्ट सुचली नसती. अंगणवाडीच्या तोंडाशी वल्हं आडवं ठेवून बसलो. एक घोळका दिसला. लाल, दाट, वर-खाली होणारा. खाली मरळ फिरत होती. माझ्या अंगात इतका जीव आला की हाक मारावीशी वाटली... आणि तेवढ्यात घोळक्याच्या मधोमध पाणी फुटलं. काळी रुंद डोकी, मिशा. मरळ तुटून पडली, एकाला धडक दिली, तोवर दुसरे दोन दुसऱ्या बाजूनं. पाणी उकळल्यासारखं झालं आणि मग निवलं. मरळ त्याच जागेवर गोल गोल फिरत राहिली, रिकाम्या जागेची राखण करत. पुढच्या रविवारी तीही नव्हती.

तेव्हापासून मी अंगणवाडीत गळ टाकतो. पारसचा नियम मोडून, चातुर्मासात. मांगूर लागतो, हटकून लागतो, काहीही लावा. तो जाळीत घ्यायचा आणि सोडायचा नाही. पक्कडीच्या मुठीचा एक घाव डोक्यावर. त्याला मरायलाही वेळ लागतो. नावेच्या तळाशी कितीतरी वेळ तोंड उघडझाप करत माझ्याकडे बघतो. सुकलाल आबा म्हणतो, "कितला मारशी, नाना? त्या अंडा घाली राह्यनात." मलाही माहीत आहे. हे ओंजळीनं नदी उपसणं आहे. दर खेपेला आधीपेक्षा जास्त डोकी वर येतात. यात एक दिवस मी जिंकेन असं लिहून ही ओळ गोड करता आली असती, आणि माझ्यासारख्याला ते अवघडही नाही. पण नाही जिंकणार.

परवा तापीवरून परत येताना भाभींनी जळगावात थांबायला सांगितलं. पारसच्या कयाकचं काय करायचं हे विचारायचं असेल, असं मला वाटलं होतं. त्या मला गच्चीवर घेऊन गेल्या. कयाक तिथे होती. चार विटांवर नीट ठेवलेली, स्वच्छ पुसलेली. बसायच्या जागेत ज्वारी भरलेली, पाय ठेवायच्या खोलगट भागात पाणी. आणि कडेला, टोकावर, वल्ह्याच्या कडीवर सगळीकडे कबुतरं. "गोदामात नुसती पडली होती," भाभी म्हणाल्या. "इथे निदान कोणी बसतं तरी."

मग त्यांनी विचारलं, "आपले मासे दिसतात का हो?"

"दिसतात म्हणजे? भाभी, ते मला ओळखतात आता! नाव लावली की रांगेनं येतात, मिशा वर करून रामराम करतात. एक तर इतका वाढलाय, की परवा मला वल्हंच मारू देईना, म्हणाला बसा, मी ढकलतो."

भाभी हसल्या. पदर तोंडाला लावून, खरंच हसल्या. मग म्हणाल्या, "आणि ती लाल पिल्लं? चातुर्मासात ते नुसते बघायला जायचे ती?"

मी म्हणालो, "बठ्ठा शेत, भाभी. इतकी, की पाणी दिसत नाही."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांची नजर खाली, माझ्या हातांवर आली आणि तिथेच थांबली. मी सकाळीच धुतले होते, राखेनं, दोनदा; मांगुराचा वास तरी गेला नव्हता.  त्या पाठ वळवून जिन्याकडे गेल्या आणि पहिल्या पायरीवरून म्हणाल्या, "चहा टाकते. नळ तिकडे कोपऱ्यात आहे, साबण ठेवलाय."

मी नळाखाली हात धरून उभा राहिलो. वारा सुटला होता. विटांवरची कयाक जराशी डुलली, ज्वारी एका अंगाला सरकली, आणि सगळी कबुतरं एकदम उडाली. मग एकेक करून परत आली आणि पारसच्या जागेवर बसून खायला लागली.